वेचणीच्या काट्यावर नाव मायचं, कापूस मात्र लेकराचाही

सीतादही झाली की वर्धा जिल्ह्यात कापूस वेचणीचा हंगाम सुरू होतो आणि शाळेची हजेरी पातळ होऊ लागते. हिंगणघाट असो, देवळी असो की आर्वी, हे गावात कुणाला सांगावं लागत नाही. दिवाळीच्या सुट्टीत वावरात गेलेलं पोरगं शाळा उघडल्यावरही आठ-पंधरा दिवस तिकडेच राहतं. मग कापूस संपेपर्यंत मधूनमधून दांडी सुरूच.

तरीही बालकामगार म्हटलं की डोळ्यांसमोर हॉटेलात कपबशा धुणारं पोर येतं, वावरातलं येत नाही. खरं तर आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि युनिसेफ यांच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात १३ कोटी ८० लाख मुलं बालमजुरीत आहेत आणि त्यातली ६१ टक्के शेतीत. म्हणजे धाडी पडतात हॉटेल-गॅरेजवर आणि मुलं जास्त आहेत शेतात.

शेतातलं मूल दिसत नाही, याचं कारण वेचणीच्या हिशेबात आहे. निंदण रोजानं होतं, तिथं माणसं मोजली जातात. वेचणी किलोवर होते. माय कमरेला ओटी बांधते, बाजूच्या तासात लेकरू वेचतं आणि संध्याकाळी दोघांचा कापूस एकाच गाठोड्यात काट्यावर चढतो. वहीत नाव मायचं. शेतकरी म्हणतो, मी तर बाईला सांगितलं होतं. माय म्हणते, लेकराला घरी एकटं कुठं ठेवू? दोघंही खोटं बोलत नाहीत. पण किलोच्या दरात लेकराची मजुरी जाते आणि त्याला कामावर ठेवणारा मात्र कागदावर कुणीच नसतो.

कायदा काय म्हणतो? १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली. आता १४ वर्षांखालच्या मुलाला कोणत्याही कामावर ठेवता येत नाही. ठेवलं तर सहा महिने ते दोन वर्षं कैद, २० ते ५० हजार रुपये दंड किंवा दोन्ही. आईबापाला पहिल्या वेळी शिक्षा नाही. मात्र एक मोठी सूट आहे. शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत मूल कुटुंबाला मदत करू शकतं, काम धोक्याचं नसावं एवढीच अट. आणि कुटुंबात आईबाप, भाऊ-बहिणीच नाहीत, तर काका, आत्या, मामा, मावशीही धरले आहेत. आता गावात कोण कुणाचा मामा नसतो! घरच्या दीड एकरात संध्याकाळी तासभर वेचलं तर गुन्हा नाही. शाळा बुडवून दुसऱ्याच्या वावरात मजुरीनं वेचलं तर आहे. या दोन्हींतला फरक ओळखायचा तर शाळेचं हजेरीपत्रकच पाहावं लागतं.

शेतकऱ्यावर सगळं ढकलून चालणार नाही. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये होता. पण केंद्रानं ऑगस्ट २०२५ मध्ये आयात शुल्क काढलं ते डिसेंबरअखेरपर्यंत आणि खासगी बाजारात भाव हमीभावाच्या खाली गेले. वेचणीचा खर्च मात्र थांबत नाही. फुटलेलं बोंड झाडावर ठेवलं आणि पाऊस आला तर मालाची प्रत जाते, म्हणून मजूर मिळेल त्या दरानं आणि येईल तसा घ्यावा लागतो. सोबत लेकरू आलं तर कुणी परत पाठवत नाही. मध्य प्रदेशातून येणाऱ्या कुटुंबांच्या मुलांचं तर इथल्या शाळेत नावच नसतं. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी पत्रक आहे, ते गावाकडच्या शाळेतून आणून इथं दाखवलं की प्रवेश द्यावा लागतो. किती आईबापांना हे माहीत असेल?

लेकरानं हातानं काम करूच नये, असं वर्ध्यात तरी कुणी म्हणणार नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये इथंच शिक्षण परिषद भरली. गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली आणि सेवाग्रामात नई तालीम उभी राहिली. मुलांच्या हातच्या मालातून शाळेचा खर्च निघावा म्हटलं, तेव्हाही शाळेचा कारखाना होईल अशी टीका झालीच. पण टकळीवर सूत काढताना मूल गणित शिकत होतं, शिक्षक शेजारी होता. वेचणीच्या तासात तो नसतो.

काही काम तर कोणत्याच सबबीवर मुलाच्या हाती देऊ नये. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. तरीही पंपात पाणी भरायला, औषध कालवायला पोरगं बोलावलं जातं. जिनिंगमधल्या धोक्याची तर १९४८ च्या कारखाना कायद्यानं वेगळी दखल घेतली होती. कापूस दाबायच्या कारखान्यात जिथं कापूस पिंजायचं यंत्र चालतं, त्या भागात बायका-मुलांना कामावर ठेवायला मनाई होती.

पाच-सहा वर्षांची लेकरं वावरात येतात ती मात्र कामाला नाही, सांभाळायला कुणी नसतं म्हणून. मनरेगा कायद्यात कामावर पाचाहून कमी नाही अशी लहान मुलं असली तर एका बाईला त्यांच्याजवळ ठेवायची तरतूद होती. खासगी वावराला असं काही नाही. पण वेचणीच्या तीन महिन्यांपुरती ग्रामपंचायतीनं समाजमंदिरात अशी सोय केली, तर खर्च एका बाईच्या रोजीचा आहे. प्रत्येक गावात ग्राम बाल संरक्षण समिती असायला हवी, सरपंच तिचे अध्यक्ष. तिच्या बैठकीत नोव्हेंबर ते जानेवारीची हजेरी वाचून दाखवा, अशी मागणी कोणताही पालक ग्रामसभेत करू शकतो. मजुरीवर राबणारं मूल दिसलं तर १०९८ हा नंबर फुकट लागतो.