सटीक आवृत्तीच्या पेट्या

चित्रपट पाहणें ही एक गोष्ट आणि तो संग्रहीं ठेवणें ही अगदीं निराळी. पहिली हौस दोन-अडीच तासांत फिटते. दुसरी, कपाटें भरलीं तरी फिटत नाहीं. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत अमरावती-अकोल्याच्या सुशिक्षित घरांतून ही दुसरी हौस चांगलीच बळावली होती. दिवाणखान्यांतील कांचेच्या कपाटांत ज्ञानेश्वरी-दासबोधाच्या शेजारीं 'रामायण', 'महाभारत', 'चाणक्य' या मालिकांच्या डीव्हीडींच्या पेट्या विराजमान झाल्या, आणि पाहुण्यांस चहा येईपर्यंत त्या काढून दाखविण्याचा प्रघात पडला. रामानंद सागरांच्या 'रामायणा'चे ७८ भाग, बी. आर. चोप्रांच्या 'महाभारता'चे ९४. एवढा ऐवज हातभर फळींत मावतो याचें कौतुक कोणास वाटणार नाहीं?

आतां ती हौस ओसरली आहे. नव्या संगणकांत तबकडी घालण्याची सोयच बहुधा नसते. अमेरिकेंत घरोघर टपालानें डीव्हीडी पाठवून नांवारूपास आलेल्या नेटफ्लिक्स कंपनीनें सप्टेंबर २०२३ मध्यें तो व्यवहार बंद केला. तेव्हां जमविलेल्या पेट्यांचें करावें काय, हा प्रश्न पुष्कळ घरांत उभा आहे. या खेपेस त्याचाच थोडा विचार करावयाचा आहे.

पेटी म्हणजे केवळ जाड पुठ्ठा व वर सोनेरी अक्षरें नव्हेत. 'विशेष आवृत्ति' या शब्दास जर कांहीं अर्थ असेल तर तो ग्रंथांच्या व्यवहारांतूनच समजून घ्यावा लागेल. आम्हीं मुलांस रघुवंश शिकविला तो मल्लिनाथाच्या 'संजीवनी' टीकेच्या आधारानें. मूळ श्लोक कोणासही पाठ करतां येतो. त्यांत दडलेलें काय आहे हें टीकाकार सांगतो, आणि कोणता पाठ घ्यावा व कोणता टाकावा याचाही निवाडा तोच करतो. चित्रपटाच्या बाबतींत ही टीकेची सोय प्रथम १९८४ सालीं झाली. 'किंग काँग' या १९३३ च्या अमेरिकन चित्रपटाची लेसर तबकडी क्रायटेरियन या प्रकाशनसंस्थेनें काढली, तेव्हां तिच्या दुसऱ्या ध्वनिपट्टींत रोनाल्ड हेव्हर नांवाच्या जाणत्या अभ्यासकाचें भाष्य मुद्रित केलें होतें. चित्र पडद्यावर चालावें आणि शेजारीं बसून कोणी तज्ज्ञानें तें समजावून द्यावें, असा हा प्रकार. पुढें डीव्हीडीवर तो रूढ झाला. त्याबरोबर पुस्तिका, मुलाखती, गाळलेलीं दृश्यें हीं आलीं आणि पेटीस खरोखरीच सटीक ग्रंथाची योग्यता आली.

याचें उत्तम उदाहरण आपल्याच देशांतील चित्रपटांचें आहे, पण तें काम परदेशांत झालें. सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली', 'अपराजितो' व 'अपूर संसार' या तीन चित्रपटांच्या मूळ फिती १९९३ सालीं लंडन येथें एका आगींत सांपडल्या. आकसलेल्या, करपलेल्या त्या फिती निरुपयोगी म्हणून फेंकून न देतां अमेरिकेंतील अकादमीनें जपून ठेवल्या. वीस वर्षांनीं इटलींतील बोलोन्या येथील कारागिरांनीं त्यांस पुन्हां ओलावा देऊन सरळ केलें. जेथें मूळ फीत हातीं लागण्यासारखी नव्हती तेथें अन्य प्रतींवरून ती जागा भरून काढली. २०१५ सालीं तिन्ही चित्रपट लोकांपुढें आले व मागाहून त्यांची पेटीही निघाली. भांडारकर संस्थेनें महाभारताची संशोधित आवृत्ति सिद्ध केली, त्याच जातीचें हें काम आहे असें आम्ही समजतों. प्रतींची तुलना, भ्रष्ट पाठाची दुरुस्ती आणि मग प्रकाशन.

मराठी चित्रपटांच्या वांट्यास असें कांहीं आलें काय? आलें असतें तर हा लेख लिहिण्याचें प्रयोजन नव्हतें. तबकड्या निघाल्या, नाहीं असें नाहीं. 'संत तुकाराम', 'कुंकू', 'माणूस', 'शेजारी', 'रामशास्त्री' हे प्रभातचे चित्रपट बाजारांत मिळत होते. परंतु पातळ वेष्टण, पाठीमागें चार ओळी, त्यांतही शुद्धलेखनाच्या चुका, आणि आंत उघडी तबकडी. यांत प्रकाशकांचाच सर्व दोष आहे असें नव्हे. २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीनें व्हीसीडी २८ रुपयांस व डीव्हीडी ३४ रुपयांस विकावयास आरंभ केला, तेव्हां सर्व बाजारच त्या भावाला उतरला. चौतीस रुपयांत टीकाकारास कोण काय देणार? (ती कंपनीही पुढें २०१८ सालीं दिवाळखोरींत निघाली.) स्वस्ताईमुळें चित्रपट घरोघर गेले हा लाभ मोठाच, पण मूळ तेवढें पोंचलें, टीका राहिली ती राहिलीच.

आणि टीकेस विषय काय थोडे आहेत? प्रभातनें 'कुंकू' हिंदींत 'दुनिया न माने' म्हणून काढला, 'माणूस' हा 'आदमी' म्हणून, 'शेजारी' हा 'पडोसी' म्हणून. हे नुसते अनुवाद नव्हेत, पाठभेद आहेत. 'शेजारी'मध्यें केशवराव दाते जिवबा आणि गजानन जागीरदार मिर्झा. हिंदींत मिर्झा जागीरदारच, पण हिंदु शेजारी झाले मझहर खान. म्हणजे हिंदु नट मुसलमानाच्या भूमिकेंत आणि मुसलमान नट हिंदूच्या भूमिकेंत, आणि तेंही १९४१ सालीं! दोन्ही प्रति एका पेटींत शेजारीं शेजारीं ठेविल्यावांचून ही योजना ध्यानांत कशी यावी? शिवाय 'शेजारी'ची कथा विश्राम बेडेकरांची, आणि बेडेकर जन्मानें अमरावतीचे. अमरावतींत किती घरांत ही गोष्ट ठाऊक असेल? तबकडीच्या वेष्टणावरून ती कळण्याची सोय नाहीं. जानेवारी २००३ मध्यें पुण्यास जुन्या नायट्रेट फितींना आग लागून प्रभातच्याही कित्येक फिती जळाल्या, तेव्हां मूळ संहितेची चिंताही या वादांत आहेच.

हें सर्व मनांत येण्यास कारण अकोल्याचा एक प्रसंग. जठारपेठेंत राहणारे आमचे एक स्नेही गेल्या वर्षीं वारले. बँकेंतली नोकरी, स्वभाव चोख, आणि व्यसन काय तें या तबकड्यांचें. घर आतां विकावयाचें ठरलें, म्हणून वहिनींनीं निरोप धाडला. गेलों तों चिरंजीव पुण्याहून आलेले, आणि संग्रहाच्या दोन राशी मांडलेल्या. एकीकडे मखमली अस्तराच्या मोठ्या पेट्या, दुसरीकडे किरकोळ माल.

"काका, ह्या मोठ्या पेट्या मी नेतो. बाकीचं भंगारवाल्याला देऊन टाकूं. आतां सगळं फोनवर मिळतं."

"सगळं मिळतं का, तें आधीं पाहूं या," आम्ही म्हणालों.

किरकोळ मालांत एक शालूचा खोका होता. उघडून पाहिला तों आंत एकतीस तबकड्या, सर्व मराठी, आणि तळाशीं शंभर पानी वही. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, आधीं ह्यांनीं बुटांच्या खोक्यांत ठेवलं होतं. मीच म्हटलं, तुकाराममहाराजांना बुटांच्या खोक्यांत घालतां? मग माझा शालूचा खोका दिला."

त्या वहींत प्रत्येक तबकडीस एकेक पान दिलेलें. कोठें घेतली, किंमत काय, कोणाबरोबर पाहिली, प्रत कशी आहे. 'शेजारी'च्या पानावर: "कथा बेडेकरांची. आपल्या अमरावतीचे." 'जैत रे जैत' (१९७७) च्या पानावर: "गो. नी. दांडेकर मूळ परतवाड्याचे, हें मुलांस सांगणें." 'देवकीनंदन गोपाला'च्या पानावर डॉ. श्रीराम लागूंच्या गाडगेबाबांविषयीं अर्धें पान, आणि खालीं गाडगेबाबांना ज्यांनीं प्रत्यक्ष पाहिलें होतें अशा आपल्या आजोबांचें मत. 'माणूस' व 'आदमी' या दोन तबकड्या एका रबरानें बांधलेल्या. वहींत कोणतें दृश्य कोणींत सरस उतरलें आहे याचें टिपण. जें काम प्रकाशकांनीं करावयाचें तें एका बँकेंतल्या गृहस्थानें निळ्या शाईनें केलेलें होतें. चिरंजीवांनीं तें पान दोनदां वाचलें.

मोठ्या पेट्यांतील पुष्कळसा ऐवज अन्यत्र मिळण्यासारखा आहे, हें आम्हीं त्यांस स्पष्ट सांगितलें. 'रामायण' तर टाळेबंदींत, २८ मार्च २०२० पासून, दूरदर्शननें पुन्हां दाखविलें होतें. तें उद्यां लोपेल अशी धास्ती बाळगण्याचें कारण नाहीं. गंमत अशी कीं त्या राशींत अपूची अमेरिकन पेटीही होती, कन्येनें न्यू जर्सीहून पाठविलेली. सर्वांत विद्वत्तेची आवृत्ति हीच, आणि ती अकोल्यांत एकदांही लागली नव्हती. कारण ब्लू-रे तबकड्यांस अमेरिकेचा विभाग 'ए' व भारताचा 'सी', आणि डीव्हीडीस तिकडे १ तर इकडे ५ असे कंपन्यांनीं कुलूप घातलेलें आहे. जावयांना विनंति करून तिकडचेंच यंत्र आणवावें, नाहींतर सर्व विभागांच्या तबकड्या वाचणारें यंत्र घ्यावें, याखेरीज उपाय नाहीं. ती पेटी चिरंजीवांनीं घ्यावी असें ठरलें.

शालूच्या खोक्याचें मात्र तसें नव्हे. त्यांतील कांहीं चित्रपट फोनवर आज दिसतात, उद्यां करार संपला कीं नाहींसे होतात; कांहीं मुळींच दिसत नाहींत. म्हणून त्या एकतीसही तबकड्या आम्हीं लावून पाहिल्या. यंत्राचें भिंग दुकानदाराकडून आधीं साफ करून घेतलें होतें. बावीस लागल्या, नऊ लागल्या नाहींत. डीव्हीडी म्हणजे प्रत्येकीं सहा दशांश मिलिमीटर जाडीच्या दोन चकत्या चिकटविलेल्या असतात व मध्यें धातूचा पातळ मुलामा असतो. कडेनें हवा शिरली कीं मुलामा काळवंडतो आणि तांबड्या किरणास वाचावयास कांहीं उरत नाहीं. खोका ज्या कपाटांत होता त्याच्या समोरच कूलरचा झोत. वऱ्हाडांतला उन्हाळा, पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर, त्यांत चार महिने ओली हवा; पुठ्ठ्यानें ती ओढून धरली. ज्यांच्या घरीं अशा तबकड्या असतील त्यांनीं त्या कूलरपासून दूर, उभ्या ठेवाव्यात. पुसावयाच्या तर मऊ सुती फडक्यानें, मधून कडेकडे सरळ; गोल गोल नव्हे.

नऊपैकीं चार तबकड्या चिरंजीवांनीं स्वतःच पुसल्या व त्यांतली एक लागली. तो 'शेजारी' निघाला. धरण फुटण्याच्या प्रसंगाशीं चित्र क्षणभर अडखळलें, मग पुढें चाललें. वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. चहा मात्र निवून गेला.

बावीस अधिक एक अशा तबकड्यांच्या प्रति चिरंजीव पुण्यास करून घेणार आहेत आणि वहीचीं पानेंही छायाचित्रित करणार आहेत. खोका सध्यां वहिनींपाशींच आहे. उरलेल्या आठ तबकड्या दुसऱ्या एखाद्या यंत्रावर लावून पाहण्याकरितां पावसाळ्यापूर्वीं आणखी एकदां अकोल्यास जावयाचें आहे. अमरावतींत कोणापाशीं जुनें, जड, चांगल्या भिंगाचें यंत्र चालू स्थितींत असेल तर चार दिवसांकरितां आम्हांस द्यावें. जपून वापरूं व परत आणून देऊं.