चंद्रांवरची नावं

उनतीसचा चाँद दिसला की नाही, यावरून दर महिन्याला आपल्या घरांत फोनाफोनी होते. पण सूर्यमालेत चाँद एकच नाही. बुध आणि शुक्राला एकही नाही, पृथ्वीला एक, मंगळाला दोन. मार्च २०२५ मध्ये १२८ नव्या चंद्रांना मान्यता मिळाली, तेव्हा शनीच्या चंद्रांची संख्या २७४ झाली!

शनीच्या या खटल्यात एन्सेलाडस नावाचा एक छोटा चंद्र आहे. आपल्या चंद्राचा व्यास ३,४७४ किलोमीटर, याचा जेमतेम ५००. सगळा बर्फाने झाकलेला. त्याच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या लांब भेगांतून पाण्याची वाफ आणि बर्फाचे कण उसळताना २००५ मध्ये कॅसिनी यानाने टिपले. बर्फाखाली खाऱ्या पाण्याचा समुद्र आहे. त्यातल्या चार मुख्य भेगांची नावं आहेत बगदाद, कैरो, दमास्कस आणि अलेक्झांड्रिया. तिथल्या विवरांना अलीबाबा, अलादीन, सिंदबाद अशी नावं दिली आहेत. एन्सेलाडसवरची नावं 'अलिफ लैला'तून घ्यायची, असा शास्त्रज्ञांचा नियमच आहे. याच कथा एकोणिसाव्या शतकात कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी मराठीत आणायला घेतल्या, म्हणून मराठी घरांनाही अलीबाबा परका नाही.

वर्गात ही नावं सांगितली की मुलांचे चेहरे खुलतात. पण ही झाली गोष्टीतली नावं. खऱ्या माणसांची नावं आपल्याच चंद्रावर आहेत. १६५१ मध्ये इटलीतल्या रिच्चोली या पाद्र्याने चंद्राचा नकाशा छापला आणि विवरांना विद्वानांची नावं दिली. त्यातलं सुमारे १३० किलोमीटर रुंदीचं एक विवर अल-बत्तानी यांच्या नावाचं आहे. नकाशात ते 'अल्बाटेग्नियस' असं लॅटिन रूपात सापडतं. इ.स. ९२९ मध्ये वारलेल्या या विद्वानाने सीरियातल्या रक्का शहरात वर्षानुवर्षं आकाशाची मोजमापं घेतली. दुर्बीण तेव्हा नव्हतीच. तरीही त्यांनी काढलेली वर्षाची लांबी, ३६५ दिवस ५ तास ४६ मिनिटं २४ सेकंद, आजच्या मोजणीपेक्षा सव्वादोन मिनिटांच्या आसपासच कमी भरते.

एका ख्रिस्ती पाद्र्याने हे नाव चंद्रावर का लिहिलं? अल-बत्तानींची मोजणी इतकी चोख होती की पुढची कित्येक शतकं युरोपातले विद्वान तिचा आधार घेत होते. ते कुठल्या कौमचे, हे त्याने पाहिलं नाही.

दहावीचा निकाल लागला की "सायन्स आपल्याला झेपणार नाही, त्यातून मुलगी" हे वाक्य पालकांकडून अजून ऐकू येतं. अल-बत्तानींचं नाव अभिमानाने घ्यायचं आणि घरातल्या हुशार लेकीची वही मिटवायची, या दोन गोष्टी एकत्र कशा बसतील?

या महिन्यात एक काम करा. पहिल्या चाँदपासून मुलांना रोज मगरिबनंतर चंद्राचा आकार वहीत काढायला सांगा, शेजारी वेळ लिहायला लावा. सातव्या-आठव्या चाँदला अर्धा चंद्र दिसेल. कुणाकडे साधी दुर्बीण असेल तर उजेड आणि अंधाराच्या रेषेला लागून, मध्यापासून थोडं दक्षिणेला, एक मोठं गोल विवर शोधा. तेच अल-बत्तानींचं. आधी मुलीच्या हातात दुर्बीण द्या.