पळालेल्या कोयत्याचा हिशेब

माकणीला तेरणेवर धरण झालं, त्याच्या पाण्यावर आमच्याकडं ऊस वाढला, आणि उसापायी मी ट्रॅक्टर घेतला. कारखान्याशी तोडणी-वाहतुकीचा करार माझा. मजूर मात्र मुकादम आणतो. गेल्या हंगामासाठी शेजारच्या जिल्ह्यातल्या एका मुकादमाला दहा कोयत्यांची उचल दिली, कोयत्यामागं 80 हजार. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे शहरातल्या वाचकासाठी सांगतो.

पाचशेच्या बाँडवर नोटरीपुढं मुकादमानं लिहून दिलं: कोयता आला नाही तर उचल दुप्पट परत. कोयते आले. दोन महिने तोडही झाली, आणि एका पहाटे तीन कोप्या रिकाम्या दिसल्या.

मुकादम म्हणाला, "मालक, मी माणसं आणून घातली. आता काय दावं लावून बांधू?" खरं सांगायचं तर बाँड त्याच्याच बाजूनं होता. अर्ध्यातून गेलेल्या कोयत्याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं.

जोडीनं रोज दीड टन तोडला आणि 366 रुपये टनानं धरलं, तर 60 दिवसांत 32,940 रुपये फिटले. राहिले 47,060. तिन्ही कोयत्यांचे मिळून 1,41,180, खर्ची वेगळीच. हे मी मागितले. मुकादमाचं म्हणणं, कमिशन झालेल्या टनावरच घेतलंय, ते परत करणार नाही. कमिशनपुरतं त्याचं बरोबर होतं. उचलीपुरतं नव्हतं.

गावातल्या दोघांनी सल्ला दिला की जीप घालू आणि माणसं उचलून आणू. राग इतका होता की मी डिझेल भरलंही. मग उमरग्याच्या वकिलानं भानावर आणलं. उचलीपोटी माणसाला कामावर डांबणं ही वेठबिगारी. 1976 च्या कायद्यानं तसलं कर्जच रद्द ठरतं. आणि त्या 'दुप्पट'चाही उपयोग नाही. 1872 च्या करार कायद्याचं कलम 74 असं की, कागदावर दंड कितीही लिहा, न्यायालय त्या आकड्याच्या आत वाजवी भरपाईच देतं.

माझा पुतण्या पुण्यात आहे. त्याच्या कंपनीला माणसं पुरवणारी एजन्सी फी घेते. माणूस पहिल्या महिन्यात गेला तर जास्त परत, तिसऱ्यात गेला तर कमी. टप्पे आधीच छापलेले. एसीत बसणाऱ्यासाठी हे जमतं, मग उसाच्या फडात का जमू नये? 2024 च्या जानेवारीत तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढला, मुकादमाचं कमिशनही वाढलं. हा दर ठरवणाऱ्या बैठकीतच परतीचे टप्पेही ठरवून टाकायचे होते. परतीचा भार मुकादमावर आणि काही वाटा कारखान्यावर. मजुराच्या पुढच्या वर्षाच्या बाकीत तो ढकलायचा नाही. आता काय होतं? कारखाना माझ्या बिलातून कापतो, मी मुकादमावर ओरडतो, मुकादम पळालेल्याच्या म्हाताऱ्या बापाच्या दारात जाऊन बसतो.

यंदा बाँडमध्ये मी एक ओळ घातली: जितके दिवस तोड, तितकी उचल फिटली, उरलेली मुकादमानं द्यायची. नोटरीच्या टेबलावर नव्या मुकादमानं ती दोनदा वाचून घेतली. मग विचारलं, "आन् पावसानं तोड बंद राहिली, तर ते दिवस कुणाच्या खात्यात?"

ते मी लिहिलंच नव्हतं.