यंत्राचे ‘मला ठाऊक नाही’



१८७३ साली लायडन येथे योहानेस व्हान डर वाल्स यांनी वायू आणि द्रव या अवस्थांच्या सातत्यावर प्रबंध सादर केला. त्यांच्या समीकरणात प्रत्येक वायूसाठी दोनच स्थिरांक होते: एक रेणूंच्या परस्पर आकर्षणाचा, दुसरा त्यांनी व्यापलेल्या जागेचा. समीकरण इतके सुटसुटीत की त्याची मर्यादाही लपत नसे. क्रांतिक बिंदूपाशी दाब, आकारमान आणि तापमान यांचे एक गुणोत्तर ते सर्व वायूंसाठी ०.३७५ सांगते, आर्गॉनसाठी ते मोजून सुमारे ०.२९ येते. विश्वास कुठवर ठेवावा, हे अभ्यासकाला कळत होते.

आज रेणूंची ऊर्जा वर्तवण्याचे काम कृत्रिम चेताजालांकडे सोपवले जाते. पुंजयांत्रिकीचे गणित विश्वासार्ह, परंतु अणू वाढले की त्याला लागणारा वेळ झपाट्याने वाढतो. म्हणून निवडक रचनांचे गणित करून त्यावर जाल शिकवायचे आणि पुढील उत्तरे त्याच्याकडून क्षणात घ्यायची. योर्ग बेलर आणि मिकेले पारिनेलो यांनी २००७ मध्ये अशी एक महत्त्वाची पद्धत मांडली. अडचण अशी की, कधीही न पाहिलेल्या रचनेविषयीही जाल तितक्याच ठामपणे एकच आकडा सांगते. त्यावर विसंबून बॅटरीसाठी द्रव्य निवडले, तर प्रयोगशाळेतील कित्येक महिने वाया जाऊ शकतात.

यावर दोन मार्ग प्रचलित आहेत. पहिला पंच नेमण्याचा: अनेक जाले स्वतंत्रपणे शिकवायची आणि जिथे त्यांच्यात मतभेद होतो, तिथे पुन्हा मूळ गणित करून ते उदाहरण शिकवणीत घालायचे. दुसऱ्या मार्गात अ‍ॅम्स्टरडॅमचा वाटा आहे. तेथील विद्यापीठातील डिडरिक किंगमा आणि मॅक्स वेलिंग यांनी टिम सालिमान्स यांच्यासह २०१५ मध्ये मांडलेल्या पद्धतीत जालातील भारांना ठाम आकड्याऐवजी संभाव्यतेचा पट्टा मिळतो; त्यामुळे उत्तरासोबत त्याची अनिश्चितताही काढता येते.

मात्र पंचांचे एकमत म्हणजे सत्य नव्हे, हे आपल्या समाजाने सोसून जाणले आहे. एकाच उदाहरणांवर शिकलेली सर्व जाले एकदिलाने चुकू शकतात. म्हणून यंत्राने सांगितलेली खात्रीही तपासावी लागते. नव्वद टक्के खात्रीचा पट्टा दिला असेल, तर शिकवणीत नसलेल्या शंभर रचनांपैकी सुमारे नव्वदांची खरी मूल्ये त्या पट्ट्यात पडतात का, हे मोजून पाहायचे.

केसपुत्त नगरीतील कालामांना तथागतांनी हेच समजावले होते: परंपरा आहे, ग्रंथात आहे, गुरू म्हणतो, एवढ्यावर काही स्वीकारू नका, स्वतः पडताळा. येथील विद्यापीठांत शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना संगणक रोज आकडे देईल. ‘हा आकडा किती चुकू शकतो, आणि हे तुम्ही कशावरून सांगता?’ असे विचारण्याचा संकोच त्यांनी बाळगू नये.