आठ रुपयांचा पहारा

माझी मावशी गडचिरोली जिल्ह्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. गावाचं नाव लिहीत नाही, कारण नाव लिहिलं की नोटीस तिला येईल, मला नाही. मागच्या पावसाळ्यात मी पुण्याहून सुट्टीवर गेले होते. एका सकाळी तिच्यासोबत अंगणवाडीत बसले. पोषण आहाराची पाकिटं वाटायची होती. पाकिटं आली होती, बायाही आल्या होत्या. टॉवर तेवढा आला नव्हता.

मग मावशीनं मोबाईल घेतला आणि आम्ही सगळ्या गावामागच्या टेकाडावर चढलो. रेंज मिळाली तर तिथंच मिळते. सात बाया, चौघींच्या कडेवर लेकरं. कुणाचा चेहरा तिसऱ्यांदा जुळला, कुणाचा पाचव्यांदा. एकीचा जुळेचना. वय विशीचं, बाळ आठ महिन्यांचं, आणि आधारवरचा फोटो ती शाळेत असतानाचा. तिनं घाम पुसला, पदर मागे घेतला, उन्हाकडे तोंड केलं, मग सावलीत उभी राहिली. मावशी शेवटी वैतागली. "पोरी, हिच्या लग्नात म्या हळद लावली. अन् हा मोबाईल म्हणते, ही ती नव्हेच."

त्या दिवशी तिला पाकीट मिळालं का, हे मी इथं लिहिणार नाही. मिळालं असेल तर मावशीनं नियम मोडला. नसेल मिळालं तर सरकारनं कायदा मोडला.

कायदा कोणता? राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३. सहा महिने ते सहा वर्षं वयाच्या प्रत्येक मुलाला अंगणवाडीतून मोफत आहार मिळणं हा त्या मुलाचा हक्क आहे, असं तो सांगतो. तीन वर्षांवरची मुलं अंगणवाडीत बसून गरम जेवतात. त्याहून लहान मुलं, गरोदर बाया आणि स्तनदा माता यांच्यासाठी घरी न्यायचा आहार असतो. १ जुलै २०२५ पासून केंद्र सरकारनं या घरी न्यायच्या आहारासाठी पोषण ट्रॅकर ॲपमध्ये चेहरा जुळवणं सक्तीचं केलं. बाळाचा चेहरा आधारशी जुळवता येत नाही, म्हणून आईचा जुळवायचा. म्हणजे पोट बाळाचं आणि परीक्षा आईची. पहिल्या हजार दिवसांत मुलाची वाढ ठरते, असं हेच सरकार भिंतीभिंतींवर लिहितं. कुलूप घातलं तेही नेमकं त्याच हजार दिवसांच्या अन्नाला.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, त्यामुळे 'तंत्रज्ञान वाईट' असलं काही मी म्हणणार नाही. माझं म्हणणं त्याच्या उलट आहे. हे तंत्रज्ञान कसं बनतं ते मी आतून पाहिलं आहे, म्हणूनच मला राग येतो.

आधीच्या नोकरीत मी कर्ज देणाऱ्या एका ॲपच्या टीममध्ये होते. ग्राहकाचा सेल्फी आणि ओळखपत्रावरचा फोटो जुळवायचा, एवढंच काम. चेहरा जुळवणारी कुठलीही यंत्रणा शंभर टक्के खात्री देत नाही, ती फक्त एक गुण देते. किती गुणांच्या वर 'हो' म्हणायचं, ते माणसं ठरवतात. त्या आकड्याला आम्ही थ्रेशोल्ड म्हणतो, म्हणजे उंबरठा. उंबरठा उंच केला की खरी माणसंही बाहेर राहतात, खाली आणला की एखादा खोटा आत येतो. दोन्ही एकदम टळत नाहीत. म्हणून आमच्या मीटिंगा एकाच प्रश्नावर रंगायच्या: जुळलं नाही तर पुढे काय? पुन्हा फोटो, दुसरं ओळखपत्र, व्हिडिओ कॉल, शेवटी माणसानं बघून निर्णय. एक ग्राहक सुटला तरी सेल्सवाले डोकं खायचे. कारण उघड होतं. ग्राहक गळाला तर कंपनीचं नुकसान होतं. लाभार्थी गळाला तर मात्र सरकारी कागदावर त्याची 'बचत' होते.

बिघाड झाला तर यंत्रणेनं कोणत्या बाजूला झुकायचं, हा इंजिनिअरिंगचा जुना प्रश्न आहे. रेल्वेचा सिग्नल बिघडला की लाल होतो. गाडी उशिरा पोचलेली परवडते, गाडीवर गाडी आदळलेली परवडत नाही. इथंही तोच हिशेब मांडा. एका बाजूला, चुकून एक पाकीट जास्त जाईल. दुसऱ्या बाजूला, आठ महिन्यांचं बाळ महिनाभर त्या आहाराविना राहील. यातलं कमी नुकसान कोणतं, हे कळायला बी.ई. लागत नाही. तरी आपण सिग्नल उलटा बसवला आहे.

आणि हा सगळा पहारा कशावर? आठ रुपयांवर. सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलासाठी दिवसाला ८ रुपये, तीव्र कुपोषित मुलासाठी १२ रुपये, गरोदर आणि स्तनदा मातेसाठी ९ रुपये ५० पैसे. हे दर २०१७ मध्ये ठरले. खर्चाचा अर्धा वाटा केंद्राचा, अर्धा राज्याचा, म्हणजे एका मुलामागे केंद्राचे रोजचे चार रुपये. दर ठरले तेव्हा त्या आठ रुपयांत ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं द्यायची होती. वर्षाचे ३०० दिवस धरले तर एका मुलाचे २,४०० रुपये होतात. पुण्यात मित्रमैत्रिणींच्या एका रात्रीच्या जेवणाचं बिल याहून जास्त येतं, आणि ते देताना कुणी माझा चेहरा जुळवत नाही. महागाई वर्षाला पाचच टक्के धरली, तरी २०१७ चे आठ रुपये आठ वर्षांत बारा रुपयांच्या जवळ जायला हवे होते. पण २०२१ मध्ये योजनेचं नाव बदलून 'सक्षम अंगणवाडी आणि पोषण २.०' झालं, ॲप नवं आलं, दर जुनाच राहिला.

वरचा आकडाही बघा. २०१४-१५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात एकात्मिक बालविकास योजनेसाठी सुमारे १८ हजार कोटींची तरतूद होती. २०२५-२६ मध्ये आणखी काही योजना पोटात घेतलेल्या पोषण २.० साठी २१,९६० कोटी आहेत. अकरा वर्षांतली महागाई यातून वजा केली की वाढ कुठं गेली ते शोधावं लागतं.

आता तुम्ही विचाराल, 'पण बोगस नावं असतात ना?' असतात. आईबापासोबत मिरची तोडायला तेलंगणात गेलेल्या लेकराचं नाव रजिस्टरमध्ये हजर दिसतं, हे मीही पाहिलं आहे. पण चोरी पकडायची तर मोठा माल कुठून जातो ते आधी बघायला नको का? अंगणवाडीच्या आहारात कंत्राटदार नकोत, गावातले बचत गट आणि महिला मंडळं यांना काम द्या, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २००४ मध्येच बजावलं होतं. त्यानंतर महाराष्ट्रात काय झालं? घरपोच आहाराच्या कामाचा वाद पुन्हा त्याच न्यायालयात गेला आणि २०१९ मध्ये राज्याच्या २०१६ च्या निविदेच्या अटी रद्द झाल्या, कारण लहान बचत गटांना त्या अटींमुळे दारच बंद होत होतं. म्हणजे नियम वळवले गेले ते मंत्रालयातल्या फायलीत. कॅमेरा लागला तो टेकाडावरच्या बाईसमोर.

या बाईकडून यंत्रणेच्या अपेक्षा तरी किती! आधारचा फोटो ताजा हवा. ओटीपी येईल तो मोबाईल हाताशी हवा, पण मोबाईल तर नवऱ्यासोबत मिरचीच्या तोड्यावर गेलेला. मे महिन्यात ती पहाटेपासून जंगलात तेंदूपत्ता तोडत असते, त्याआधी मोहफुलं वेचत असते. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, ही बातमी आपण वर्षानुवर्षं वाचत आलो आहोत. जिवतीच्या डोंगरातल्या कोलाम गुड्यांवर टॉवरची गत काही वेगळी नाही. पुण्याच्या ऑफिसात 'युजर'चं चित्र काढताना यातलं काहीच आमच्या डोळ्यांसमोर नसतं.

विश्वास टाकला तर काय होतं, हे जगाला याच जिल्ह्यानं दाखवलं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गडचिरोलीच्या ३९ गावांत गावातल्याच बायांना नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं. त्यांतल्या कुणीही डॉक्टर नव्हत्या. बाळाचं वजन करणं, श्वास मोजणं, न्यूमोनिया ओळखणं, औषध देणं ही कामं त्यांच्यावर सोपवली. नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटलं. १९९९ मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं आणि पुढे आशाताईंच्या कामातून देशभर गेलं. तिकडे धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) बघा. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाल्यानंतर या गावानं ग्रामसभेतून स्वतःचा बांबू विकला, त्याचा हिशेब चारचौघांत मांडला. जिल्ह्यातल्या कितीतरी ग्रामसभा आज तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करतात. जंगलाचे लाखो रुपये सांभाळणाऱ्या गावावर एका पाकिटासाठी विश्वास ठेवता येत नाही?

सरकारला हे जमत नाही असंही नाही. २०१५ मध्ये आदिवासी भागांसाठी सुरू झालेली डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना राज्य सरकारचीच आहे. गरोदर आणि स्तनदा बाया अंगणवाडीत एकत्र बसून दिवसातून एक वेळ पूर्ण जेवण जेवतात, पुढे मुलांना अंडी आणि केळीही सुरू झाली. खरेदीचा कारभार गावातल्या आहार समितीकडे. पैसे वेळेवर येत नाहीत, ही तिची जुनी रड आहेच. पण रचना बघा. जे सगळ्यांसमोर ताटात वाढलं जातं, ते कुणाच्या पोटात गेलं हे गाव बघतं. वरण पातळ झालं तर बायाच भांडतात. यापेक्षा चांगलं ऑडिट मला कोडमध्ये लिहिता आलेलं नाही.

आणि ज्यांच्या जिवावर हे चालतं, त्या सेविकांना काय मिळतं? पगार नाही, 'मानधन'. त्यातली केंद्रानं ठरवलेली रक्कम ऑक्टोबर २०१८ पासून ४,५०० रुपये. त्या ग्रॅच्युइटीला पात्र आहेत, हेसुद्धा २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविकांनी सरकारनं दिलेले मोबाईल परत केले, कारण त्यांत ॲप धड चालत नव्हतं आणि ते इंग्रजीत होतं. आम्ही एखादं ॲप टेस्टिंगला देतो तेव्हा असा अभिप्राय आला, तर रिलीज थांबते. त्यांना मात्र कामचुकार ठरवलं गेलं.

माझ्या मागण्या चार आहेत. चेहरा जुळला नाही तरी आहार आधी द्या, कारण नंतर नोंदवा, आणि सेविकेची ओळख हाच पुरावा माना. आधार नाही म्हणून कोणत्याही मुलाला लाभ नाकारता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात म्हटलं आहे. फोटो जुना झाला म्हणून तरी तो कसा नाकारता येईल? आठ रुपयांचा दर महागाईला जोडा, तो दरवर्षी आपोआप वाढू द्या. कामं गावातल्या बचत गटांना द्या आणि पैसे वेळेवर सोडा. आणि उघडं ठेवायचंच तर वरून ठेवा: कुणाला किती कोटींचं काम मिळालं, माल कधी निघाला, किती पोचला, हे प्रत्येक गावाला फोनवर मराठीत दिसू द्या. त्या डॅशबोर्डसाठी मी शनिवार-रविवार फुकट काम करायला तयार आहे.

टेकाडावरून उतरताना मावशीनं मला विचारलं, "हे असं तुमी लोकंच बनवता ना?" मी हो म्हटलं. ती पुढं काही बोलली नाही, एका बाईचं लेकरू कडेवर घेऊन चालत राहिली.

म्हणून शेवटची ओळ माझ्यासारख्यांसाठी. असलं काम उद्या तुमच्या टेबलावर आलं, तर 'जुळलं नाही' या बटणाच्या पुढच्या स्क्रीनवर काय आहे ते विचारा. तिथं 'परत प्रयत्न करा' एवढंच लिहिलेलं असेल, तर खाली आणखी एक पर्याय घाला: 'सेविका ओळखते, आहार दिला.' त्याला एक स्प्रिंटसुद्धा लागत नाही.