उरणला एकाच दिवशी दोन निवडणुका

२३ नोव्हेंबरला निकाल लागला, आणि त्या दिवशी असरच्या नमाजनंतर मशिदीबाहेर सुरू झालेली चर्चा अजून थांबलेली नाही. प्रश्न एकच: "दोघं एकत्र असते तर?"

कर्नाळ्याच्या आसपासची आमची गावं पनवेल तालुक्यात, पण आमदार निवडायचा उरणचा आणि खासदार घाटापलीकडच्या मावळचा. या उरणमध्ये भाजपचे महेश बालदी यांना ९५,३९० मतं पडली. शेकापचे प्रीतम म्हात्रे ८८,८७८ वर थांबले आणि ठाकरेंच्या शिवसेनेचे मनोहर भोईर ६९,८९३ वर. बालदी जिंकले ६,५१२ मतांनी. विरोधातल्या दोघांची बेरीज दीड लाखाच्या पुढे जाते. मोबाईलवर ती बेरीज करून जो तो हळहळतोय.

हळहळण्याआधी पनवेलचे आकडेही बघू या. तिथेही शेकापचे बाळाराम पाटील आणि ठाकरे सेनेच्या लीना गरड समोरासमोर होत्या. पण प्रशांत ठाकूर जवळपास ५१ हजारांनी जिंकले आणि तिसऱ्या क्रमांकावरच्या गरड यांची मतं होती सुमारे ४४ हजार. म्हणजे सगळीच्या सगळी मतं एका पारड्यात टाकली असती तरी निकाल फिरला नसता. 'मतं फुटली म्हणून हरलो' हे उरणला म्हणता येईल, पनवेलला नाही. आणि उरणलाही जपून म्हणावं लागेल, कारण मशालीचा प्रत्येक मतदार शेकापकडे गेलाच असता असं कुणी लिहून दिलेलं नाही.

अमेरिकेत असा पेच आधी सोडवतात. एकाच पक्षाच्या इच्छुकांमधून अध्यक्षपदाचा उमेदवार कोण, यासाठी राज्याराज्यांत आधी मतदान होतं, त्याला प्रायमरी म्हणतात. मतदार तिथे भांडतात, रुसतात, पण मुख्य निवडणुकीला अजून काही महिने असतात. आपल्याकडे हे काम जागावाटपाच्या बैठकीत होतं, आणि यावेळी तिथे झालंच नाही. ४ नोव्हेंबरला अर्ज मागे घ्यायची मुदत संपली, दोघंही रिंगणात राहिले. मग विरोधकांपैकी कोण आणि आमदार कोण, हे दोन्ही आम्ही २० तारखेला एकाच बटणाने ठरवायचं होतं. हातात दोन आठवडे.

आमच्याच घरचं सांगतो. अब्बा जुने शेकापवाले. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या आंदोलनात पाच शेतकरी गोळीबारात गेले, दि. बा. पाटील तेव्हा कसे उभे राहिले, हे आम्ही लहानपणापासून ऐकतोय. त्यांचं मत ठरलेलं. धाकट्या भावाचं म्हणणं, भावना बाजूला ठेवा, हिशेब करा. २०१९ ला बालदी अपक्ष म्हणून जिंकले तेव्हा दुसरे भोईर होते, शेकापचे विवेक पाटील तिसरे. मग टक्कर मशालच देणार. भावजय शांतपणे म्हणाली, "माझ्या खात्यात पाच महिन्यांचे साडेसात हजार आलेत, त्याचं काय?" लाडक्या बहिणीच्या पैशाला तुच्छ लेखणाऱ्या पुरुषांनी घरखर्चाची वही एकदा उघडून बघावी.

एका छपराखाली तीन विचार. आणि टीव्हीवर त्याच वेळी 'व्होट जिहाद'चा गजर चालू होता, जणू कुणीतरी फर्मान काढतं आणि सगळा मोहल्ला रांगेत उभा राहतो! असं फर्मान आमच्या घरापर्यंत तरी आलं नाही.

भावाचा हिशेब चुकला. तो एकटा नव्हता. मशालीला मत देताना 'दुसरा नंबर यांचाच' हे गृहीत धरणारे आमच्या ओळखीतच कितीतरी निघाले. पाच वर्षांपूर्वीच्या आकड्यांवर त्यांनी आजचं मत दिलं, आणि यावेळी दुसरा आला शेकाप, जवळपास १९ हजारांच्या फरकाने पुढे. पाडण्यासाठी मत देणाऱ्याला हा धोका असतोच. कोण पाडू शकेल हे त्याला बाकीच्यांच्या मनात डोकावून ठरवायचं असतं, आणि बाकीचेही त्याच्या मनात डोकावत असतात. दोन्हीकडचे कार्यकर्ते दारात येऊन एकच वाक्य म्हणत होते: "आम्हाला द्या, नाहीतर मत वाया जाईल."

या गोंधळात दोघांना विचारायचे प्रश्न राहून गेले. शेकापला विचारायला हवं होतं की कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये रद्द केला, तुमच्याच माजी आमदारांना त्या प्रकरणात ईडीने अटक केली, विम्याच्या पाच लाखांवरच्या ठेवींचं पुढे काय? ठाकरे सेनेला विचारायला हवं होतं की लोकसभेला आम्ही मशालीला मतं दिली, ९२-९३ मनात असूनही दिली, आता वक्फ विधेयकावर तुमचं म्हणणं नेमकं काय? आणि बालदींनाही, का नाही? पळस्प्यापासून पुढे महामार्गाचं काम २०११ पासून ऐकतोय, ते कधी संपणार, हा प्रश्न काही एका जमातीचा नाही.

प्रायमरी असती तर सगळं सुरळीत झालं असतं, असंही नाही. २०२४ मध्ये २७ फेब्रुवारीला मिशिगनच्या प्रायमरीत गाझाच्या प्रश्नावर नाराज असलेल्या लाखाहून जास्त डेमोक्रॅट मतदारांनी बायडेन यांच्याऐवजी 'अनिर्णित' या पर्यायावर खूण केली. आपल्या नोटासारखं वाटेल, पण तिथे त्या मतांमधून पक्षाच्या अधिवेशनात दोन प्रतिनिधीही गेले. ऑगस्टमध्ये शिकागोला त्यांनी व्यासपीठावर एका पॅलेस्टिनी वंशाच्या वक्त्याला वेळ मागितला. मिळाला नाही. ५ नोव्हेंबरला अरबबहुल डिअरबॉर्न शहरात ट्रम्प सुमारे ४२ टक्के, हॅरिस ३६ आणि जिल स्टाईन १८ टक्क्यांवर. तिथेही घराघरांत आमच्यासारखीच भांडणं झाली असणार. फरक इतकाच की त्यांचा राग आठ महिने आधी आकड्यात नोंदला गेला होता. पक्षाने तो वाचला नाही, ही पक्षाची चूक. आमचा राग कुठे नोंदला गेला? मशिदीबाहेरच्या चहाच्या टपरीवर.

आम्ही शिक्षक, निवडणुकीच्या ड्युटीवर मतदारांच्या बोटाला शाई लावणारे, त्यामुळे अमक्याला मत द्या असं सांगणं आमचं काम नाही. पण विचारायला कुणी बंदी केलेली नाही. रायगड जिल्हा परिषद २०२४ मध्ये प्रशासकाच्या हातात होती, २०२२ पासून. ती निवडणूक कधीतरी लागणारच होती, आणि तेव्हाही हेच दोन पक्ष एकमेकांसमोर असण्याची शक्यता होती. गेल्या जुम्याला आठ-दहा जणांनी बसून ठरवलं की अर्ज भरायच्या आधी, मागे घ्यायची मुदत संपल्यावर नव्हे, सगळ्या इच्छुकांना एका संध्याकाळी बोलवायचं. शेजारच्या आगरी आणि आदिवासी वाड्यांनाही निरोप द्यायचा. बायकांसाठी पडद्यामागे नाही, पुढच्या रांगेत खुर्च्या ठेवायच्या, हा आग्रह आमच्या भावजयीचा. ताराला युसुफ मेहेरअली सेंटर आहे, तिथे जागा मिळते का ते विचारायला दोघे जण या आठवड्यात जाणार आहेत. प्रश्नांची यादी आमच्याकडे द्यायची आहे. आतापर्यंत अकरा आलेत, त्यातले चार पाण्याच्या टाकीबद्दल.