पाहुणे किती, हे गावाला विचारा

संध्याकाळचे सहा वाजत आलेले असतात. वेळासच्या किनाऱ्यावर जाळीने वेढलेल्या एका चौकोनात गावातला कार्यकर्ता वाळूवर पालथी घातलेली बांबूची टोपली हळूच उचलतो. टोपलीखाली वाळू किंचित खचलेली असते आणि त्या खळग्यातून करड्या-काळ्या रंगाची, तळहातात मावतील एवढी पिल्ले एकमेकांच्या पाठीवर चढत वर येत असतात. ती मोजून घमेल्यात घेतली जातात आणि लाटांपासून काही अंतरावर वाळूत सोडली जातात. दोरीमागे मुंबई-पुण्याहून आलेली माणसे उभी असतात. टॉर्च बंद, फ्लॅश बंद. पिल्ले उजळलेल्या क्षितिजाच्या दिशेने, म्हणजे समुद्राकडे, आपल्या पायांनी चालत जातात. त्या वाटेत एखादा दिवा लागला तरी त्यांची दिशा चुकू शकते, म्हणून दोरी ओलांडायची नसते. गावचा पोरगा मोठ्याने तसे सांगतो आणि लोक ऐकतात.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातले हे गाव पूर्वी नाना फडणवीसांचे गाव म्हणून माहीत होते. आता ते कासवांचे गाव झाले आहे. 2002 मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने येथे काम सुरू केले, तेव्हा ऑलिव्ह रिडले कासवाची अंडी किनाऱ्यावरून उचलून नेली जात. खायला, विकायला. मादी एका खड्ड्यात शंभर-सव्वाशे अंडी घालते आणि वाळू लोटून परत समुद्रात जाते. पुढचे पन्नासेक दिवस त्या अंड्यांना कोणीही वाली नसतो. कोल्हे आणि कुत्री ती उकरतात, माणसे तर उकरतच होती. संस्थेने अंडी सुरक्षित जागी हलवून उबवण्याची व्यवस्था केली. पण राखण कायमची व्हायची तर ती गावाने करायला हवी आणि गावाने ती का करावी, या प्रश्नाला उत्तर हवे होते. 2006 च्या सुमारास सुरू झालेला कासव महोत्सव हे ते उत्तर. पाहुणे गावकऱ्यांच्या घरी उतरतात, घरचे जेवतात आणि पैसे त्या घरच्या बाईच्या हातात देतात. जे अंडे उचलून विकले की एकदाच चार पैसे मिळत, ते वाळूत राहिले की दर हंगामात घर चालवायला हातभार लावते.

शाश्वत पर्यटनावर जगभर बरेच लिहिले गेले आहे. संयुक्त राष्ट्रांनी 2017 हे वर्षच त्या नावाने साजरे केले. व्याख्या लांबलचक असल्या तरी त्यांतून खाली उतरतात ते दोन साधे प्रश्न: जागेला किती माणसे झेपतील, आणि त्या माणसांचा पैसा कोणाकडे जाईल? महाराष्ट्रात पर्यटनाची चर्चा होते ती मात्र तिसऱ्याच आकड्याची, ‘यंदा किती आले’ याची. सुट्टीनंतर गर्दीचे फोटो यशाचे प्रमाणपत्र म्हणून छापले जातात. ही मोजपट्टीच चुकीची आहे.

साताऱ्याजवळच्या कास पठाराने ती चूक अंगावर झेलली आहे. या जांभ्या खडकाच्या सड्यावर मातीचा थर काही ठिकाणी जेमतेम बोटभर आहे. त्या मातीत ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर या काळात तेरडा, सीतेची आसवे, गेंद, सोनकी असे रंग एकामागून एक पसरतात. पठारावर साडेआठशेहून अधिक सपुष्प वनस्पतींची नोंद आहे. वायतुरासारखी काही फुले तर जगात इथल्याच आसपास सापडतात. 2012 मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारसा ठरवले, त्यात कासचे नाव आले आणि पुढच्या रविवारांना घाटात गाड्यांच्या रांगा लागल्या. बोटभर मातीवर फुलांत झोपून फोटो काढले गेले. त्या मातीतले बी पुढच्या वर्षी उगवले नाही, तर त्याची तक्रार करायला कोणी येत नाही.

मग दिवसाला तीन हजार पर्यटकांची मर्यादा आली, ऑनलाइन नोंदणी आली, शुल्क आले. वन विभागाबरोबर आसपासच्या गावांच्या वन व्यवस्थापन समित्या कामाला लागल्या. कास, एकीव, आटाळी, कुसुंबी या गावांतली मुले-माणसे वाहनतळ सांभाळू लागली, वाट दाखवू लागली, फुलांची नावे सांगू लागली. हे चांगले झाले.

पण याच कासने आणखी एक गोष्ट शिकवली, आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. फुले वाचवायला पठाराला तारेचे कुंपण घातले गेले. त्याने माणसे अडली, तशी गावची गुरेही अडली. काही वर्षांत गवत माजले, फुले विरळ झाली अशी ओरड सुरू झाली आणि गुरांचे चरणे, त्यांचे खुर, त्यांचे शेण हा त्या पठाराच्या जगण्याचाच भाग होता, हे अभ्यासकही सांगू लागले. अखेर कुंपण निघाले. पिढ्यान्पिढ्या तिथे गुरे राखणाऱ्याला हे कुंपण घालण्याआधी कोणी विचारले असते, तर ते बहुधा उभेच राहिले नसते. निसर्ग जपायचा म्हणजे स्थानिक माणसाला बाहेर काढायचे आणि तिकीट काढलेल्याला आत घ्यायचे, हा मार्ग अन्यायाचा आहे. तो टिकतही नाही.

याउलट जिथे आकडा पाळला जात नाही, तिथे काय होते ते दरवर्षी मे-जूनमध्ये भंडारदरा परिसरात दिसते. पावसाआधीचे काही आठवडे हिरडा, बेहडा, सादडा यांच्या फांद्यांवर काजव्यांची लखलख चालते. ती लखलख म्हणजे नराने मादीला घातलेली साद असते. तिच्यावर गाड्यांचे हेडलाइट पडले की सादच बुडते. मातीत आणि पाल्यात वाढणाऱ्या अळ्या बुटांखाली जातात, त्या तर कोणाला दिसतही नाहीत. वन विभाग निर्बंध घालतो. पण शनिवारच्या रात्री जंगलवाटेवर हजारो माणसे उतरली की निर्बंध कागदावर राहतात. उमरेड-कऱ्हांडल्यात 2024 च्या अखेरीस सफारीच्या जिप्सींनी वाघीण आणि तिच्या पिल्लांची वाट दोन्ही बाजूंनी अडवली आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. नियम तिथेही होते.

गर्दी रोखण्याचा एक मार्ग भूतानने काढला आहे. तिथे परदेशी पर्यटकाला रात्रीमागे शंभर डॉलर शुल्क पडते, भारतीयाला बाराशे रुपये. त्या देशाला ते मानवले असेल, पण महाराष्ट्राने ही वाट धरू नये. एसटीने येऊन, डबा बांधून गड चढणारा विद्यार्थी हा आपल्या भटकंतीचा कणा आहे. शुल्काने पहिला तोच गळेल आणि मोठ्या गाडीतला माणूस येतच राहील. मर्यादा घालायची ती संख्येवर, खिशावर नको. पैशाच्या बाबतीत केरळकडे पाहावे. कुमारकोमला 2008 पासून हॉटेलांनी भाजी, अंडी, नारळ गावातल्या कुटुंबश्री गटांच्या बायकांकडून विकत घेण्याची पद्धत बसवली. पर्यटकाच्या ताटातली भाजी कोणाच्या परड्यातली, हा प्रश्न तिथल्या पंचायतीने विचारला. कोकणातल्या किती रिसॉर्टांना तो कोणी विचारला आहे? सिंधुदुर्ग 1997 पासून ‘पर्यटन जिल्हा’ म्हणून मिरवतो आहे.

मर्यादा घातली की गावाचा रोजगार बुडेल, असा आक्षेप येतो आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. ज्या घराने कर्ज काढून दोन खोल्या बांधल्या, त्याला रिकामा शनिवार परवडत नाही. पण तीच मंडळी हेही सांगतात की एका शनिवारी आलेले हजार लोक पाणी संपवून, कचरा टाकून जातात आणि मंगळवारी गावात चिटपाखरू नसते. नोंदणी केली की गर्दी आठवडाभर पसरते. वेळासला पिल्ले घड्याळ पाहून बाहेर पडत नाहीत. ‘आज एकही नाही, उद्या सकाळी पाहू’ असे पाहुण्याला सांगावे लागते, आणि थांबलेला पाहुणा आणखी एक रात्र गावात काढतो.

आता प्रश्न गडांचा आहे. जुलै 2025 मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यातले अकरा महाराष्ट्रातले. आनंद सर्वांना झाला, व्हायलाच हवा. पण कासचे 2012 डोळ्यांसमोर ठेवावे. राजगडावर गुंजवण्याहून चोर दरवाजाने चढणारी वाट एका वेळी एकच माणूस जाईल इतकी अरुंद आहे. सुट्टीच्या दिवशी तिथे वर जाणारे आणि खाली उतरणारे समोरासमोर अडकतात. पद्मावती माचीवर पायथ्याच्या बाया ताकाची कळशी आणि पिठलं-भाकरीची शिदोरी डोक्यावरून वर आणून बसतात. गडावर आज किती माणसे झेपली आणि किती झेपली नाहीत, हे त्यांच्याइतके कोणालाच कळत नाही.

म्हणून राज्य सरकारने, पुरातत्त्व खात्याने आणि वन विभागाने पुढच्या पावसाळ्याआधी एवढे करावे: या अकरा गडांच्या पायथ्याच्या ग्रामसभा बोलवाव्यात, दिवसाला किती माणसे हे त्यांच्यासोबत बसून ठरवावे, तो आकडा पायथ्याशी फलकावर लिहावा आणि नोंदणीच्या शुल्कातला ठरलेला वाटा थेट त्या ग्रामपंचायतीकडे जाईल असा आदेश काढावा. जाहिरातीचा खर्च त्यानंतर करावा.